शिंप्याची तारीख

(द्वितीय वर्ष, कला)

कॅलेंडर नाही असे घर आपल्याकडे सापडणे कठीण. स्वयंपाकघराच्या दाराशी किंवा देव्हाऱ्याच्या बाजूला एक खिळा असतो आणि त्या खिळ्याला वर्षभर कॅलेंडर लटकलेले असते. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ काढले आणि तारीख, तिथी, सण, मुहूर्त, शिवाय पानामागे वाचायला मजकूर, असे सगळेच एका खिळ्यावर आले. एकादशी कधी, संकष्टीचा चंद्रोदय किती वाजता, हे विचारायला आता कोणाच्या दारी जावे लागत नाही.

पण वाचकहो, या कॅलेंडरावर आपण पेनाने काय लिहितो ते एकदा नीट पाहा. ‘दूध नाही’, ‘अर्धा लिटर जास्त’, ‘सिलिंडर लावला’, ‘भिशी दिली’. म्हणजे जे होऊन गेले त्याची नोंद! आपण कॅलेंडर वापरतो ते वाण्याच्या खातेवहीसारखे. पुढच्या तारखांवर फार तर एखादे लग्न नाहीतर परीक्षा लिहिलेली असते. पण त्या लग्नापर्यंत किंवा परीक्षेपर्यंत जे काम उरकायचे, त्याचा पत्ता त्या कागदावर नसतो. कॅलेंडर मागच्या नोंदीसाठी नव्हे तर पुढच्या कामासाठी कसे वापरता येते, याविषयी मला चार शब्द लिहायचे आहेत.

उदाहरण मात्र मी घरचेच घेणार आहे. वेळेच्या नियोजनावरची पुस्तके आमच्या ग्रंथालयात आहेत. त्यांतला माणूस नेहमी साहेब असतो. त्याला केबिन असते, मदतनीस असतो आणि दिवसभर त्याच्या बैठका चालतात. आमच्या नात्यागोत्यात असा एकही साहेब नाही. पण कामात मानेपर्यंत बुडालेली माणसे मात्र पुष्कळ आहेत. माझे वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) तालुक्याच्या गावी शिंपीकाम करतात. एक गाळा, दोन मशिने, एक कातरकामाचे टेबल आणि भिंतीवर एक कॅलेंडर, एवढा त्यांचा पसारा. व्यावसायिक म्हणजे तरी दुसरे काय? ज्याच्या वेळेवर दहा जणांचा हक्क आहे आणि ज्याला त्या दहाही जणांना तारीख द्यावी लागते, तो व्यावसायिक.

आता शिंप्याची तारीख म्हटली की लोक हसतात. शिंप्याचा वायदा हा आपल्याकडे चेष्टेचाच विषय आहे. “मास्तर, दिवाळीच्या आत पाहिजे बरं का!” असे गिऱ्हाईक म्हणते, मास्तर मान डोलावतात, आणि दोघांनाही ठाऊक असते की या मान डोलावण्याला फारसा अर्थ नाही. लहानपणी मला याचे वाईट वाटे, कारण अण्णा खोटे बोलणारे नव्हेत. शाळेच्या फीचे पैसे ते ठरल्या दिवशी देत, उधारी ठरल्या दिवशी फेडत. मग कापडाच्या बाबतीतच त्यांची जीभ का घसरावी?

याचे उत्तर मला प्रथम मानसशास्त्राच्या तासाला मिळाले. माणूस आपल्या कामाला लागणारा वेळ नेहमी कमी धरतो. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोन संशोधकांनी १९७९ मध्ये या खोडीला नावच दिले. मराठीत आपण त्याला नियोजनाचा भ्रम म्हणू. पुढे १९९४ मध्ये रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारले, तुमचे काम किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर आले ३३.९ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५.५ दिवस. याहून गंमत पुढे आहे. त्याच विद्यार्थ्यांना असेही विचारले होते की, सगळे वाईटात वाईट घडले तर किती लागतील? त्याचे उत्तर होते ४८.६ दिवस. म्हणजे वाईटात वाईट धरूनही हिशेब कमीच पडला! हे ऐकताना वर्गात सगळे हसले. मला मात्र आमच्या दुकानातली खुंटीला टांगलेली, न शिवलेल्या कापडांची पिशवी दिसू लागली.

भ्रम आहे हे कळले, तरी तो घालवायचा कसा? त्याला एकच उपाय दिसतो, आणि तो म्हणजे मोजणे. आठवणीवर विसंबायचे नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात मी पंधरा दिवस दुकानात वही घेऊन बसले. अण्णा काय करतात आणि किती वेळ करतात, एवढेच लिहीत गेले. त्यांना पहिले दोन दिवस ते मुळीच आवडले नाही. “माझ्यावर पहारा बसवलास का गं?” म्हणाले. मग सवय झाली.

दुकान सकाळी साडेनऊला उघडते आणि रात्री साडेआठला बंद होते, म्हणजे अकरा तास. जेवणाचा तास वजा जाता दहा. अण्णांच्या मनात हे दहाही तास शिलाईचे होते. वहीत निघाले जेमतेम सहा. उरलेले चार गेले कुठे? माप घेण्यात, तयार कपडे दाखवण्यात, “जरा इथं ढिलं करून द्या” यात, कापडाच्या रंगाचे दोऱ्याचे रीळ शोधण्यात, वीज गेली म्हणून बसून राहण्यात, आणि अर्थात चहात. यातले काहीच आळसाचे नाही. गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलणे हासुद्धा धंदाच आहे. पण त्या वेळात मशीन चालत नाही, हेही तितकेच खरे.

दुसरी मोजणी एकेका कपड्याची. साधा ब्लाउज किती वेळाचा, असे विचारले तर अण्णा पटकन सांगत, “चाळीस मिनिटं.” ती चाळीस मिनिटे मशीनवरची होती. कातरणे, हूक-काज, तुरपाई आणि इस्त्री धरली की सव्वा तास होतो. अस्तराच्या ब्लाउजला याच्या दुप्पट. आजवर आम्ही तारखा देत होतो त्या मशीनच्या वेळावर. काज-बटणांचा वेळ कोणाच्या हिशेबात नव्हता, कारण ते काम घरी रात्री आई आणि मी करत होतो. घरच्या बायामुलींचे काम हिशेबात न धरण्याची आपली रीत फार जुनी आहे. असो.

यातून आम्ही एक सोपी पद्धत बसवली. एक ठिपका म्हणजे साधारण एक तासाचे काम. साधा ब्लाउज एक ठिपका. अण्णांनी सव्वा तासाचा एकच ठिपका धरला, मी भांडले नाही. अस्तराचा ब्लाउज दोन, शर्ट दोन, पँट दोन, पंजाबी ड्रेस दोन, नवरीचा नक्षीचा ब्लाउज चार. कॅलेंडरातल्या एका चौकटीत सहा ठिपके मावतात, सातवा मावत नाही. गिऱ्हाईक आले की पहिली मोकळी चौकट शोधायची, तिथे ठिपके द्यायचे आणि शेजारी पावतीचा नंबर टाकायचा. सारी पद्धत एवढीच.

पण सगळ्या चौकटी सारख्या नसतात, आणि कॅलेंडर वापरणाऱ्यांची निम्मी फजिती इथेच होते. आमच्याकडे सोमवारी दुकान बंद, तिथे शून्य. गुरुवारी गावचा बाजार. खेड्यापाड्यांतून माणसे येतात, मापे देतात, कपडे नेतात. दिवसभर बोलणे संपत नाही. त्या दिवशी कात्री हाती घेतली तर कापड चुकीचे कापले जाण्याचीच भीती. म्हणून गुरुवारला फक्त दोन ठिपके. शनिवारला तीनच, बाकीची चौकट मुद्दाम मोकळी. आठवड्यात काही ना काही अडतेच: मशीनचा पट्टा तुटतो, भावकीत कोणी जाते, ढिले-घट्ट करायला आलेले कपडे साठतात. ही मोकळी जागा त्यांच्यासाठी. मंगळवार, बुधवार, शुक्रवार, रविवार हे सहा-सहाचे. बेरीज केली तर आठवड्याचे एकोणतीस ठिपके होतात. दहा तासांच्या हिशेबाने अण्णा ज्या आठवड्याला साठ तास समजत होते, त्याची खरी किंमत एकोणतीस!

मग मी मागची पावतीपुस्तके काढली. २०२४ ची दिवाळी १ नोव्हेंबरला होती. तिच्या आधीच्या तीन आठवड्यांत पोहोचवायचे म्हणून अण्णांनी जे काम घेतले होते, त्याचे ठिपके मांडले तर ते भरले एकशे अठरा. तीन आठवड्यांत मावतात सत्त्याऐंशी. एकतीस ठिपके जास्त, म्हणजे एका आठवड्याहून अधिक काम जागा नसताना घेतलेले. रात्री जागून त्यातले काही उरकले, बाकीचे भाऊबीज उलटल्यावर गेले. एका बाईंनी त्या वर्षी दुकानात उभे राहून जे सुनावले ते इथे लिहिण्यासारखे नाही. त्यांचेही काय चुकले? सणाची साडी नेसायची आणि ब्लाउज खुंटीला! त्या दिवसापासून त्या तयार कपड्यांच्या दुकानात जातात. तयार कपडा अंगाला बसो न बसो, त्याची तारीख कधी चुकत नाही. शिंप्याच्या धंद्याला आज खरी स्पर्धा आहे ती याची.

बेरीज पाहून अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे मी वायदा देतानाच तो मोडलेला असायचा.” मला त्यांच्या त्या वाक्यात समाधान वाटले. आजवर लोक याला शिंप्याचा स्वभाव म्हणत होते. तो स्वभाव नव्हता, न केलेली बेरीज होती.

आता तारखेविषयी थोडे. चौकटीत दोन रंग लागतात. निळा ठिपका शिवायच्या दिवशी, तांबडा नंबर द्यायच्या दिवशी, आणि दोन्हींत किमान दोन दिवसांचे अंतर. गिऱ्हाइकाला सांगायची ती तांबडी तारीख. अनेक माणसे आपल्या कॅलेंडरात फक्त तांबड्या तारखा लिहितात: परीक्षा, मुदत, लग्न, सभा. तांबड्या तारखेला काम होत नसते, त्या दिवशी ते मागितले जाते. काम निळ्या दिवशी होते, आणि निळा दिवस कोणी आपणहून छापून देत नाही. तो उलटे मोजून शोधावा लागतो. नवरीचे उदाहरण घ्या. लग्न वीस तारखेला असेल तर हळदीच्या आधी, सतराला, कपडे घरी हवेत. त्यात काही कमीजास्त निघाले तर दुरुस्तीला चार-पाच दिवस हवेत, म्हणून अंगाला लावून पाहणे बाराला. त्याआधी शिलाई नऊ-दहाला. म्हणजे कापड दुकानात पाच तारखेच्या आत आले पाहिजे. हे एकदा कॅलेंडरावर बोट ठेवून दाखवले की नवरीची आई वाद घालत नाही. तोंडाने सांगितले असते तर घातला असता!

आमच्या तालुक्याच्या कोर्टात वकिली करणाऱ्यांच्या डायऱ्या मी पाहिल्या आहेत. त्यांत प्रत्येक खटल्यापुढे मागची तारीख आणि पुढची तारीख असते, आणि पुढची तारीख लिहिल्याशिवाय त्या दिवसाचे पान पुरे होत नाही. ही सवय मला फार शहाणपणाची वाटते. फक्त त्यातही निळा ठिपका नसतो. खटल्याची तयारी कोणत्या दिवशी करायची, ते डायरी सांगत नाही.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, मोबाईलमध्ये कॅलेंडर आहेच की. आहे, आणि फिरतीवर असणाऱ्याला ते उत्तम. आमच्या शेजारी राहणाऱ्या परिचारिका ताई उपकेंद्रातून वाड्यावस्त्यांवर जातात, त्यांनी भिंत बरोबर कशी न्यावी? परंतु मोबाईलची घंटा वाजते ती वेळ आल्यावर, तर आमची गरज होती वेळ येण्याआधी भरलेला महिना एका नजरेत दिसण्याची. शिवाय भिंतीवरचे कॅलेंडर गिऱ्हाइकालाही दिसते, आणि हा फायदा आम्हांला आधी सुचलाच नव्हता. अण्णांना नाही म्हणता येत नाही. त्यातून नातलग असेल तर विचारूच नका. “भावजी, एवढं एकच!” म्हणत मामी पिशवी पुढे करते आणि अण्णांचा हात आपोआप पुढे जातो. आता ते नाही म्हणत नाहीत, नुसते भिंतीकडे पाहतात. “बघा, चौकट भरली. मंगळवारी जागा आहे, चालेल?” माणसाच्या नकाराचा राग येतो; भिंतीच्या नकाराचा कमी येतो. बहुतेक जण मंगळवार घेतात. काही जण पिशवी उचलून दुसरीकडे जातात, हेही सांगितले पाहिजे.

याच जोडीला आपल्या कालगणनेची एक खुबी धंदेवाल्याने ध्यानात घ्यायला हवी. आपले सण तिथीने येतात. बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, तर सौरवर्ष ३६५ दिवसांचे. म्हणून सण दरवर्षी अकराएक दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक मास येऊन त्याला पुन्हा पुढे ढकलतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, तेव्हा लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला आले. २०२४ मध्ये १ नोव्हेंबर, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबर. २०२६ मध्ये पुन्हा अधिक मास, म्हणून ८ नोव्हेंबर. जो शिंपी ‘मागच्या वर्षी अमुक तारखेपर्यंत कापड घेतले होते’ एवढेच लक्षात ठेवतो, तो दर वर्षी अकरा दिवसांनी फसतो. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला होता. दसरा ते लक्ष्मीपूजन यांत एकोणीस दिवस. अण्णांनी श्रावणातच ते दिवस मोजून ठेवले.

त्या दिवाळीला आम्ही चौऱ्याऐंशी ठिपके घेतले. वसुबारसेच्या आदल्या रात्री खुंटीवर फक्त दोन कपडे उरले होते आणि तेही दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गेले. मिळकत मात्र त्या महिन्यात मागच्यापेक्षा थोडी कमी झाली. हे लपवण्यात अर्थ नाही. आठ जणांना दिवाळीनंतरची तारीख सांगावी लागली; त्यांतले पाच जण तुळशीच्या लग्नानंतरच्या लगीनसराईचे काम घेऊन आले, तीन आलेच नाहीत. आई म्हणाली, “गेले तर गेले, पण यंदा मी फराळ रात्री दोनला तळला नाही.” हा फायदा कोणत्या पावतीपुस्तकात लिहायचा?

आणखी एक गोष्ट मी नंतर पाहिली. आमची महाविद्यालयातील अंतर्गत परीक्षा त्याच ऑक्टोबरात होती. वेळापत्रक मी घरी नुसते सांगितले होते. काही दिवसांनी दुकानात गेले तर कॅलेंडरावर सहा ते चौदा तारखांच्या चौकटींत, अण्णांच्या वाकड्या अक्षरात, ‘पोरीची परीक्षा’ असे लिहिलेले, आणि त्यांतल्या सहा-सहाच्या चौकटींत सहाऐवजी पाचच ठिपके. मी विचारले तर म्हणाले, “हूक-काज मलाच करावं लागणार ना त्या दिवसांत.” अण्णा चौथीपर्यंत शिकले आहेत. आमच्या घरात परीक्षा हा शब्द कॅलेंडरावर त्याआधी कोणी लिहिला नव्हता. मी दहावीला होते तेव्हाही परीक्षेच्या आदल्या रात्री बटणे लावली होती. माझ्या अभ्यासाला जागा द्यायची नाही असे तेव्हाही कोणाच्या मनात नव्हते. चौकट मोजलेली नव्हती, म्हणून ती जागा कोणाला दिसत नव्हती.

माझ्यासारख्या विद्यार्थ्यांना ही पद्धत जशीच्या तशी चालेल असे मी म्हणत नाही. पण निबंध द्यायची तारीख तांबडी आणि तो लिहायचे दिवस निळे, एवढे केले तरी पुष्कळ. ठिपका मात्र स्वतः मोजलेला हवा. एका तासात किती पाने वाचून होतात हे मी आठवडाभर मोजले आणि तो आकडा अण्णांच्या चाळीस मिनिटांसारखाच निघाला.

२०२६ च्या कॅलेंडराचे काम आम्ही आधीच काढून ठेवले आहे. त्या वर्षी १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ आहे आणि अधिक मासात आपल्याकडे लग्ने लावत नाहीत. म्हणजे लग्नांची सगळी गर्दी मेच्या पहिल्या पंधरवड्यात येणार आणि नंतरचा महिना रिकामा. शाळा जूनच्या मध्याला उघडतात. म्हणून अण्णांनी ठरवले आहे की गणवेशाचे माप आणि कापड एप्रिलमध्येच घ्यायचे, आणि त्याचे सगळे निळे ठिपके १८ मेपासून पुढे द्यायचे. दोन शाळांच्या गणवेशांचे मिळून किती ठिपके होतात, ते मांडायचे काम माझ्याकडे आहे.